शॉकअप बदलले तरी जिप्सीचा आवाज तसाच, आता पाटे बदलू का?

पत्र कराडकडच्या एका वाचकाचं आहे, थोडं कापून देतोय:

"दादा नमस्कार. माझ्याकडे २००९ ची जिप्सी किंग आहे, सेकंडहँड. आधीच्या मालकाने २३५/७५ आर १५ टायर टाकलेत आणि लांब शॅकल लावून गाडी उचललीय. या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून गावाकडे चिखलात काढली, तेव्हापासून आवाज सुरू झालेत. हळू जाताना खड्ड्यात पुढून खडखड, उभ्या गाडीत स्टेअरिंग हलवलं की टक् असा एकच आवाज, फुल स्टेअरिंग कापलं की कट-कट. ५५ च्या आसपास एखादा खड्डा लागला तर स्टेअरिंग हातात जोरात थडथडतं, गाडी अगदी स्लो केल्याशिवाय थांबत नाही. क्लच सोडताना खालून धप् होतं, पण ते घेतल्यापासून आहे. मिस्त्रीने चारही शॉकअप बदलले, काही फरक नाही. आता म्हणतो पाट्यांचा पूर्ण सेट बदलू. वडील म्हणतात विकून टाक. काय करू?"

भावा, पाटे (एक्सलवर गाडीचं वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या) बदलू नकोस, निदान आत्ता तरी नको. तुझा मिस्त्री वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही पण तो "आवाज पुढून येतोय" एवढं ऐकून पार्ट बदलत सुटलाय, आणि तू लिहिलेला आवाज एक नाहीये, पाच वेगवेगळे आवाज आहेत आणि पाचांची कारणं बहुतेक वेगळी निघणार. आवाज कुठून येतोय याला लोखंडी गाडीत फार अर्थ नसतो, चासीतून तो कुठेही पोचतो, मागचं शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) वाजतं आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो पुढचं उजवं चाक. आवाज नेमका कधी येतो ते बघायचं. आणि तो कधी येतो हे तू पत्रात इतकं व्यवस्थित लिहिलंयस की मिस्त्रीलाही असंच कागदावर लिहून दिलं असतंस तर शॉकअपचे पैसे वाचले असते.

क्रम मात्र मी बदलतोय. तू थडथडणं चौथ्या नंबरवर लिहिलंस, मी ते पहिलं घेतो, कारण बाकीचे आवाज त्रासाचे आहेत आणि हा धोक्याचा आहे.

आधी एक छोटा हिशोब. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, उंची साधारण ६६८ मिमी. तुझा २३५/७५ म्हणजे ७३३ मिमीच्या आसपास, जवळजवळ दहा टक्के मोठा. म्हणजे मीटरवर ५५ दिसतात तेव्हा तू खरं तर ६० ने चाललायस, आणि कंपनीने जेवढ्या वजनाच्या चाकासाठी ते सांधे बनवले त्यापेक्षा बरंच जड चाक त्यांच्यावर हेलकावे खातंय. टायर काढ म्हणत नाही, छान दिसतात, पण मोठ्या टायरच्या गाडीत थोडीशी ढिलाईसुद्धा लगेच हातात येते.

आता थडथड दोन प्रकारची असते. एक म्हणजे ठराविक स्पीडला येणारी, खड्डा नसला तरी येते, स्पीड वाढवला किंवा कमी केला की जाते. ती बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते, आणि चिखलातून आलेल्या गाडीत तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघायचं, तिकडे जांभ्याची लाल माती चिकटून वाळते आणि चांगला किलोभर गोळा बसलेला असतो जो बाहेरून पाणी मारून दिसतही नाही. चाक काढ, आतून खरवड, मग बॅलन्सिंग कर. खरवडायला पैसे लागत नाहीत, करच. पण तुझी थडथड खड्डा लागला की सुरू होते आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत जात नाही. ही दुसरी जात आहे. सरळ एक्सलच्या गाडीत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या एक्सलवर असलेल्या गाडीत, असं व्हायला लागलं की कुठेतरी खेळ म्हणजे ढिलाई तयार झालीय असं धरायचं, आणि जिप्सीत पहिला संशय किंगपिनच्या, म्हणजे ज्या खुंट्यांवर चाक डावी-उजवीकडे वळतं त्यांच्या, बेअरिंगवर.

जिप्सीच्या पुढच्या एक्सलच्या टोकाला गोल डोकं असतं, त्याच्यावर नकल, म्हणजे चाकाला धरून वळवणारा भाग, फिरतो, वर एक आणि खाली एक अशा दोन टेपर बेअरिंगवर. त्या दोघांमध्ये एक ठराविक दाब असावा लागतो, तो किंगपिनखालच्या पातळ पत्र्यांनी म्हणजे शिमांनी ठरवतात. शिम कमी केली की दाब वाढतो. मागच्या बाजूला जे सील असतं ते फाटलं की पाणी आणि चिखल आत, ग्रीस पांढरट पडतं, बेअरिंग गंजतं, दाब जातो आणि मग एका खड्ड्याच्या धक्क्याने दोन्ही चाकं डावी-उजवी नाचायला लागतात. तुझी गाडी पावसाळ्यात चिखलात गेली आणि त्यानंतर हे सुरू झालं, म्हणून मला हे जास्त वाटतंय.

तपासायचं कसं ते सांगतो, दोन माणसं लागतील. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, एक्सलखाली जॅक लावून चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल इतकं उचल आणि लगेच घोडी म्हणजे लोखंडी स्टँड लाव, नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी नाही. मग चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलव. लुकलुकलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलव, तिथे जास्त खेळ दिसला तर टाय रॉडचे, म्हणजे दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे, एंड म्हणजे टोकाचे सांधे.

आणि खात्री करायची असेल तर टाय रॉड नकलपासून सोडव आणि नकल हाताने फिरवून बघ. चांगल्या नकलला फिरवायला थोडा जोर लागतो, सगळीकडे सारखा. तो एका बोटाने झुलत असेल तर दाब गेलाय. आणि बरोबर मधोमध, म्हणजे चाक सरळ असतं त्या जागी, खाचेत बसल्यासारखा अडकत असेल तर बेअरिंगच्या कपात खड्डे पडलेत, गाडी बहुतांश वेळ सरळच जाते त्यामुळे रोलर त्याच जागी ठोके मारतात. अशा वेळी शिम काढून दाब वाढवला तरी उपयोग नाही, बेअरिंग कपासकट आणि सील दोन्हीकडची बदलायची. दाब किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, साधा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून बघतात, अंदाजाने आवळणारा फिटर नको.

तुला कोणीतरी नक्की सांगेल की स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा छोटा शॉकअप) नवीन टाक, थांबतं. थांबतं खरंच, काही दिवस. डॅम्पर थडथड दाबून धरतो, ढिलाई तशीच राहते, आणि ती वाढून परत येते तेव्हा डॅम्परलाही ऐकत नाही. आधी खेळ काढ, मग डॅम्पर बघ.

याच्यात अजून एक गोष्ट तुझ्या शॅकलची आहे. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून खाली जातं, एक्सल थोडा पुढे झुकतो आणि किंगपिनचा मागे असलेला कल कमी होतो. या कलाला कॅस्टर म्हणतात, वळून झालं की स्टेअरिंग स्वतःहून सरळ येतं ते याच्यामुळे. तो कमी झाला की गाडी रस्त्यावर भटकते आणि थडथडीला आमंत्रण मिळतं. मोकळ्या मैदानात हळू वळण घेऊन स्टेअरिंग थोडं सैल सोडून बघ, परत यायला आळस करत असेल तर कॅस्टर गेलाय. उपाय म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर टाकतात, मजबूत मिळते, किंवा सरळ मूळ मापाचे शॅकल परत लावायचे. मी दुसरं करेन. शॅकल दोन इंच लांब केलं की गाडी जेमतेम एक इंच उचलते, त्या एका इंचासाठी एवढे उपद्व्याप कशाला.

आता तो टक्. उभ्या गाडीत येतो ही चांगली बातमी आहे, कारण जो आवाज उभ्या गाडीत काढता येतो तो शोधता येतो. इथे गाडी उचलायची नाही, चाकं जमिनीवरच पाहिजेत, वजनाखाली. एकाला आत बसव, स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं नाही, फक्त थोडं डावीकडे थोडं उजवीकडे असं सारखं हलवत राहायचं. तू खाली बघ आणि एकेका सांध्यावर हात ठेव: आधी स्टेअरिंगच्या दांड्यातलं रबरी कपलिंग, मग स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, पिटमन आर्मचा (बॉक्समधून निघणाऱ्या हाताचा) नट, ड्रॅग लिंकची (त्या हाताचा जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं. बोटं सांध्याच्या फटीत घालू नकोस. कुठल्यातरी एका ठिकाणी असं होईल की अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा क्षणभर थांबून मग हलतो, आणि तो टक् तळहाताला जाणवतो, कानापेक्षा आधी. तोच सांधा. हाताने कळत नसेल तर मोबाईल स्लो मोशनवर लावून जवळ ठेव आणि नंतर बघ, डोळ्याला जे सुटतं ते त्यात सरळ दिसतं.

माझा अंदाज विचारशील तर एक तर ड्रॅग लिंकचा एंड किंवा बॉक्सचे बोल्ट. मोठे टायर उभ्या जागी फिरवताना सगळा जोर त्या बॉक्सवर येतो. बोल्ट ढिले असतील तर आवळ, पण आवळण्याआधी तिथली माती पुसून टॉर्च मारून चासीला तडा आहे का ते बघ, बारीक रेघ आणि तिच्यातून गंजाचा ओघळ अशी दिसते. तडा असेल तर गाडी तिथेच उभी, चांगल्या वेल्डरकडे पट्टी मारून घेतल्याशिवाय हलवायची नाही.

आणि एक, स्टेअरिंग बॉक्सवर वर एक स्क्रू असतो, लॉकनट असलेला. खेळ दिसला की बरेच मिस्त्री आधी तोच आवळतात. खेळ एंडमध्ये असेल तर तो स्क्रू आवळून काही होत नाही, उलट बॉक्स मधोमध जड होतो, स्टेअरिंग परत येईनासं होतं आणि आतले दात खराब होतात. बाकी सगळे सांधे घट्ट आहेत हे नक्की झाल्यावरच त्याला हात लावायचा. एंड बदललेस तर स्प्लिट पिन नवीन टाक, जुनीच सरळ करून घालतात ते चालणार नाही. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे फक्त टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती ते). सरळ एक्सलला कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) सेट करायची सोय नसते, त्यामुळे कोणी जिप्सीच्या कॅम्बरचं बिल लावलं तर त्याला विचार की बाबा कुठला नट फिरवलास तो दाखव.

खडखडीत शॉकअप नवीन आहेत हे मी विसरलेलो नाही, उलट मला त्यांचाच संशय आहे! मिस्त्रीने मूळ लांबीचे टाकले असणार आणि गाडी उचललेली आहे. चाक खड्ड्यात खाली लोंबकळलं की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतच ठोका देतो. लक्ष देऊन ऐक, आवाज चाक खड्ड्यात पडताना येतो की बाहेर चढताना. पडताना येत असेल तर लांबी तपास, शॅकल मूळचे केले की हाही प्रश्न सुटेल. शिवाय शॉकअपच्या डोळ्यातले रबरी बुश आणि वायसर नीट बसलेत का ते बघ, शॉकअप हातात धर आणि दुसऱ्याला बंपरवर उभं राहून गाडी हलवायला सांग, खालीवर टकटक जाणवली तर तिथेच आहे.

मग पाट्यांकडे ये. पाट्याला एक्सलशी बांधणारे यू बोल्ट आवळलेले आहेत का, दोन पाट्यांना धरून ठेवणारी क्लिप तुटलीय का, शॅकलचे बुश खाऊन शॅकल आडवं हलतंय का, टॉमी (लोखंडी दांडा) घालून हळूच रेटून बघ. सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल सरकतो, त्यासाठी टेप घे आणि पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोज, चाकं सरळ ठेवून. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी आहे, शॅकलमुळे तुझा थोडा इकडेतिकडे असेल पण डावीकडचं आणि उजवीकडचं माप सारखं आलं पाहिजे. बुश बदललेस तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर खाली उतरवल्यावर, लोंबकळत्या पाट्यावर आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं, हे नव्वद टक्के गॅरेजात कोणी करत नाही. आणि "जळकं ऑइल मारून देतो, आवाज जाईल" याला नको म्हण. ऑइल रबरी बुशवर गेलं की रबर फुगून भुसभुशीत होतं, आणि वर धूळ बसून पाट्यांना पॉलिश पेपर लागतो तो वेगळाच.

एवढं करून काहीच सापडलं नाही तर खडखड चालू असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेव. थांबली तर कॅलिपरमधले पॅड वाजतायत, सस्पेन्शनचा संबंध नाही. आणि खरं सांगू का, हे सगळं करायच्या आधी गाडीतला जॅक, टॉमी, कॅन, सीटखालची साखळी सगळं बाहेर काढून एक चक्कर मार. हसू नकोस, कितीतरी जिप्स्यांचं सस्पेन्शन असं दुरुस्त झालंय.

कट-कट पटकन होण्यासारखं आहे. टू व्हील ड्राइव्हमध्ये, पुढच्या चाकांचे हबचे लॉक सोडून, मोकळ्या जागेत फुल स्टेअरिंग कापून हळू गोल फिरव. आवाज गेला आणि फोर बाय फोरमध्ये हब लॉक करून मातीवर परत आला तर पुढच्या एक्सलमधला सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा), जो त्या नकलच्याच आत असतो, म्हणजे किंगपिनचं काम उघडशील तेव्हा एकाच मजुरीत तोही बघून होईल, वेगळं उघडू नकोस. टू व्हीलमध्येही आवाज आला तर टायर पाट्याला घासतोय, पाट्यावर घासून चकाकलेला पट्टा दिसेल. नकलवरचा स्टॉपरचा बोल्ट थोडा बाहेर काढला की थांबेल, वळणाचा घेर जरा वाढेल एवढंच. आणि तू डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळवत असशील तर ते आधी बंद कर, जिप्सीत मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळतात आणि सगळं कटकटतं.

राहिला धप्, जो तू "आधीपासून आहे" म्हणून सोडून दिलास. तो सस्पेन्शनचा नाहीच. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, वेगळा, तीन रबरी माउंटवर चासीला लटकलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट. माउंटचं रबर फाटलं की क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना पूर्ण डबा फिरतो आणि चासीला धडकतो. इंजिन बंद करून खाली टॉमीने रेट, रबर धातूपासून सुटलेलं लगेच दिसतं. त्याचवेळी शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकाचे सांधे, हाताने पिळून बघ. माउंट तिन्ही एकदम बदल, एकच बदललास तर नव्यावर सगळा भार येतो.

म्हणजे कामाचा क्रम असा लाव: चाकं धुऊन बॅलन्सिंग, मग किंगपिन आणि त्यातच सीव्ही, मग एंड आणि बॉक्सचे बोल्ट, मग शॅकल मूळचे करून बुश, मग माउंट, सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी करून आलास तर परत पैसे. यू बोल्ट सोडले असतील तर काही दिवस चालवल्यावर ते परत आवळून घे. मिस्त्रीला एकच अट घाल, पार्ट काढण्याआधी खेळ मला हाताने दाखव. जो दाखवतो तो चांगला, जो "ते तुम्हाला नाही कळणार" म्हणतो त्याच्याकडून चावी घेऊन ये.

वडिलांना सांग की विकायचं की नाही हे चासी बघून ठरवू. स्टेअरिंग बॉक्सच्या जागी आणि शॅकलच्या कानांपाशी चासी गंजून पापुद्रे सुटले असतील, स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जात असेल, तर वडील बरोबर आहेत. चासी ठणठणीत असेल तर वर लिहिलेलं सगळं बेअरिंग, रबर आणि एंड एवढंच आहे, आणि ही गाडी सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं चाललीय त्यामुळे पार्ट अजून मिळतात, पुण्यात नाही मिळाले तर दिल्लीहून कुरिअरने येतात, फक्त डुप्लिकेट एंड आणि डुप्लिकेट किंगपिन बेअरिंग घेऊ नकोस, बाकी ठिकाणी काटकसर कर.

आणि किंगपिनचं होईपर्यंत कुंभार्ली नको. गावाला जायचंच असेल तर कराड-चिपळूण एसटी आहे.